बाईंचं काम

(प्रथम स्मृतिदिनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेले बाईंचे विद्यार्थी, आणि आता त्या विद्यार्थ्यांची नातवंडंही दिसताहेत, त्यांनाही नमस्कार.

आत्ता ओळख करून देताना सरांनी आईला 'शेकडो लेकरांची माउली' म्हटलं. बाहेरच्या फलकावरही तेच लिहिलंय. त्यामागचं प्रेम मला कळतं आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण तिची लेक म्हणून मला एक हरकत नोंदवायचीय. तिला लेकरं दोनच. एक मी, आणि एक माझा दादा, तो तिकडं तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय. बाकी तुम्ही सगळे तिचं काम होता. हे ऐकायला जरा कोरडं वाटेल, पण माझ्या दृष्टीने तिची त्याहून मोठी थोरवी नाही. माया करणाऱ्या बायका या गावात घरोघरी होत्या. पहिलीतल्या पोराला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाचायला लावणाऱ्या किती होत्या, ते सांगा.

मी आज त्या कामाबद्दल बोलणार आहे.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून नोकरीला लागली १९६४ साली, पी.टी.सी. म्हणजे प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण पुरं करून, वय वर्षं वीस. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला अस्तित्वात आल्या, म्हणजे तिची परिषदही तिच्यासारखीच नवखी होती. पहिली काही वर्षं वाड्यावस्त्यांवरच्या एकशिक्षकी शाळा. एक खोली, चार इयत्ता, बाई एक. तीच मुख्याध्यापक, तीच शिपाई, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा बडवणारीही तीच. मग या गावात आली आणि बदल्यांचे दोन अपवाद सोडले तर इथंच राहिली. निवृत्त झाली २००२ मध्ये, अठ्ठावन्न पुरी करून. वडील एस.टी.त कंडक्टर. मुक्कामी गाडीवर असले की दोन-दोन रात्री बाहेर. त्यामुळे घर तिच्याच अंगावर होतं. चरित्र म्हणून एवढं पुरे.

ती गेल्यावर कागद आवरताना तिचं सेवापुस्तक हाताला लागलं. तुमच्यातल्या नोकरदारांना ते माहीत असेल. उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसे, वेतनवाढी, रजा, बदल्या, खाली साहेबांची सही आणि शिक्का. ओळखीची खूण म्हणून लिहिलंय, 'हनुवटीवर डावीकडे तीळ'. अडतीस वर्षांच्या नोकरीत दादाची आणि माझी नोंद दोनच ठिकाणी आहे: प्रसूती रजा मंजूर, प्रसूती रजा मंजूर. मला ते वाचून वाईट वाटलं नाही, उलट हसू आलं. सरकारदरबारी माझा जन्म म्हणजे एक रजा आहे. तेव्हा ती तीनेक महिन्यांचीच असायची. सहा महिने म्हणजे १८० दिवस व्हायला २००९ साल उजाडलं, तोवर आई निवृत्त होऊनही सात वर्षं झाली होती. मी तीन महिन्यांची असताना ती शाळेत हजर झाली. मधल्या सुट्टीत शेजारच्या काकू मला शाळेच्या मागच्या ओसरीवर घेऊन यायच्या, ती पाजायची आणि घंटा झाली की परत वर्गात.

आता या सभागृहातल्या एक जूनवाल्यांनी हात वर करा बघू. ... बघा. निम्म्याहून जास्त. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्या माणसांची ही जत्रा देवाने भरवलेली नाही, मास्तरांनी भरवलीय. पहिलीत घालायला सहा वर्षं पूर्ण हवीत, शाळा जूनमध्ये सुरू, घरच्यांना तारीख ठाऊक नाही, मग टाका एक जून. जनरल रजिस्टरात एकदा चढलं की तेच दाखल्यावर, तेच नोकरीत. आणि नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो. म्हणून तर दर ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून एवढी माणसं एकदम बाहेर पडतात.

आईला हा एक जून आवडायचा नाही. ती पोराला दाखल करायला आलेल्या बाईला खाली बसवायची आणि विचारायची, सण कुठला जवळ होता? रानात काय उभं होतं? पाऊस होता का थंडी? तिच्या लोखंडी पेटीत मागच्या कित्येक वर्षांची दाते पंचांगं होती, कोपरे कुरतडलेली, पण सालवार लावलेली. एकदा एक धनगरीण आली. म्हणाली, "बाई, कोयनंचा हादरा बसला न्हवं का, त्याच्या म्होरल्या बेंदराला झाला ह्यो. बैलं रंगवली आन् दुसऱ्या दिशी." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पुढचा बेंदूर, म्हणजे आपला बैलांचा सण, १९६८ च्या आषाढातला. पंचांग उघडलं, तिथी काढली, एक दिवस पुढे मोजला आणि जुलैतली खरी तारीख रजिस्टरात गेली. तो मुलगा पुढं सरकारी नोकरीत लागला. तो आज इथं आहे, त्याचं नाव घेत नाही, पण हिशेब सांगते. एक जून पडला असता तर तो मेअखेर घरी बसला असता. आता जुलैअखेर बसेल. दोन पगार जादा, ते बाईंच्या खात्यावर मांडा.

(टाळ्या.)

टाळ्या वाजवताय, पण बाकीच्या शाळांतले मास्तर काही वाईट नव्हते बरं का. त्यांच्यापुढे रांग असायची आणि वेळ नसायचा. आईपुढेही रांग असायची. तिने त्या एका गोष्टीला वेळ द्यायचा ठरवला होता, एवढंच. कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही याचा तिचा हिशेब पक्का होता. प्रभातफेऱ्या, स्वागतगीतं, साहेब येणार म्हणून भिंती रंगवणं, यात ती जेमतेम हात लावायची. तपासणीला येणाऱ्यांची त्याबद्दल नाराजीही असायची.

जिथं ती वेळ घालवायची ते आता सांगते, कारण ते तुमच्यातल्या बहुतेकांना आठवत नसेल. वाचायला येऊ लागलं की माणूस ते कसं आलं हे विसरतो.

अ आ इ ई पासून ती सुरुवात करत नसे. बाराखडी तर फार उशिरा. सुरुवात ग, म, भ, न. ही अक्षरं वळणाने एकमेकांच्या जवळची. एक हाताला बसलं की थोडा फरक करून दुसरं बसतं. हा काही तिचा शोध नव्हे, मराठी शाळांतली जुनी रीत आहे. तिची खुबी त्याच्या पुढची होती. चार अक्षरं झाली की ती थांबायची. पाचवं द्यायची नाही. त्या चारांतून शब्द काढा म्हणायची. मन. नग. गगन. मगन. पोरं चिंचोके मांडून जमिनीवर अक्षरं काढायची आणि ती वाकून एकेकाजवळ जायची. मग र द्यायची आणि दुसऱ्या दिवशी एकदम भरभराट व्हायची: नगर, मगर, गरम, नरम. पाच अक्षरांत पोराला वाटायचं, आपल्याला वाचता येतं. ते वाटणं तिला हवं असायचं. बावन्न अक्षरं पाठ झाली पण एक शब्द फोडता येत नाही, असं पोर तिने दुसऱ्या शाळांतून आलेलं पुष्कळ पाहिलं होतं. त्याला ती परत ग-म-भ-न वर आणायची, चिडवल्याशिवाय.

गणितात हातचा. सत्तावीस आणि अठरा. सात नि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक. आता हा एक म्हणजे एक नसतो, दहा असतात, आणि सगळा घोटाळा तिथंच. आईकडे काडेपेटीच्या काड्या होत्या, जळालेली टोकं मोडून टाकलेल्या. दहा काड्या झाल्या की दोऱ्याने गठ्ठा बांधायचा आणि तो गठ्ठा पोराने डाव्या मुठीत धरायचा. दशकाची बेरीज येईपर्यंत मूठ सोडायची नाही. हातचा म्हणजे हातातच. एकदा गणित सुरू असताना मधली सुट्टी झाली आणि एक पोरगा मुठीतला गठ्ठा घेऊन तसाच घरी गेला. तिथं त्याच्या आईने जेवायला वाढलं तरी मूठ उघडेना. ती घाबरून त्याला शाळेत घेऊन आली. बाईंनी त्याला फळ्याजवळ नेलं, दशकाची बेरीज पुरी करून घेतली आणि मग म्हणाल्या, आता सोड.

याच संदर्भात एक पुढची गोष्ट. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर हलकल्लोळ झाला. मराठी बुडाली, भाषेचा खून झाला, वगैरे. आई तेव्हा पंचाहत्तरीची. वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाली, "सत्तावीस सांगितलं की पोरगं सात आधी ऐकतं आणि बहात्तर लिहितं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी हे पाहिलंय. ओरडणाऱ्यांपैकी दुसरीला शिकवलंय कोणी?" ती स्वतः 'वीस आणि सात, सत्तावीस' असं दोन्ही म्हणून घ्यायची, नवं पुस्तक यायच्या कितीतरी आधीपासून. जुनी नावं गेली पाहिजेत असं तिचं म्हणणं नव्हतं. नावामागची संख्या दिसली पाहिजे, एवढंच म्हणणं. माझ्या मते ती बरोबर होती. तुमच्यातल्या काहींना पटणार नाही, चालेल.

आपला हा माणदेशाचा पट्टा. पाऊस बेभरवशाचा, आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरणार. पोरं पटावरून गायब. सलग गैरहजर राहिलं की नाव कमी करायचं, ही तेव्हाची रीत. एकदा नाव कमी झालं की ते पोर पुढच्या वर्षी शाळेची पायरी चढायला लाजतं. आई नावं कमी करायला जेवढा उशीर करता येईल तेवढा करायची आणि त्यावरून तिला खुलासे द्यावे लागायचे. लेखी. त्या खुलाशांच्या नकला पेटीत आहेत. सगळे एका ठशाचे, एक वाक्य ठरलेलं: 'सदर विद्यार्थी पावसाळ्यापूर्वी परत येणार असल्याबाबत पालकांनी समक्ष सांगितले आहे.' समक्ष सांगितलेलं असायचं खरं. कारण धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा तळ, हलायच्या आदल्या संध्याकाळी ती तिथं जाऊन पाटी आणि वाचनाचं जुनं पुस्तक देऊन यायची. परत आल्यावर पुस्तक मागायची. पुस्तक परत आलं की पोर परत आलं.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल ती फार बोलत नसे. शाळेत सुकडीचा खाऊ मिळायचा, त्या दिवसांत हजेरी वाढली होती. तिने एकदा मला सांगितलं होतं की त्या वर्षी तिने कोणालाही 'अभ्यास का केला नाही' असं विचारलं नाही. पोरांचे आईबाप खडी फोडत होते आणि काही पोरंही. पुढं मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता आला, १९९५ पासून पोषण आहाराचा तांदूळ आला, मग शिजवलेली खिचडी. शहरातली माणसं त्याची टिंगल करायची. आईने कधी केली नाही. पोटात काही असलेलं पोर आणि नसलेलं पोर, यांच्या पाटीवरच्या अक्षरांत तिला फरक दिसायचा.

आता एक प्रसंग, जो अशा कार्यक्रमांत कोणी सांगत नाही.

१४ डिसेंबर १९७७ ला राज्यातल्या सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप सुरू झाला. ५४ दिवस चालला. मागणी मुख्यतः केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची. आई संपात होती, पूर्णपणे. मी तेव्हा दुसरीत, तिच्याच वर्गात. गावातली चार मोठी माणसं घरी आली. म्हणाली, बाई, तुमचं काय ते सरकारशी, पण पोरांचं नुकसान नको. तुम्ही घरी ओसरीवर तासभर वर्ग घ्या, आम्ही कोणाला सांगत नाही. तुम्ही तर त्यांना आईसारख्या. तिने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. "मी संपावर आहे म्हणजे आहे. ओसरीवर शिकवलं तर तो संप कसला?" माणसं नाराज होऊन गेली. त्या दोन महिन्यांत घरात पगार नव्हता, वडिलांच्या एकट्याच्या कमाईवर भागत होतं. आई जिल्ह्याला मोर्चाला गेली, घोषणा देऊन आली, दोन दिवस घसा बसला होता. संप मिटल्यावर तिने उन्हाळ्यापर्यंत रोज शाळा सुटल्यावर वर्ग घेतले आणि बुडालेला भाग भरून काढला. त्याचे जादा पैसे नव्हते. पण ते संप मिटल्यावर, आधी नाही.

'आईसारख्या' म्हटलं की बाईला नाही म्हणता येत नाही. पगार मागता येत नाही, संप करता येत नाही, दमले म्हणता येत नाही. माझी माउली या शब्दावरची हरकत आहे ती ही. तुम्ही तो मायेने वापरता, पण त्या चार माणसांनीही मायेनेच वापरला होता.

आणि खऱ्या लेकरांच्या वाट्याला काय आलं, तेही सांगते, म्हणजे हिशेब पुरा होईल. दादा आणि मी दोघंही तिच्या वर्गात होतो. शाळेत आम्ही तिला बाई म्हणायचो. घरी जाताना चिंचेचं झाड लागायचं, तिथून पुढं आई. हा नियम कोणी घालून दिला आठवत नाही, पण कधी मोडला नाही. चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असायची. दादाला बसायचं होतं. आईने त्याला बसवलं, पण जादा तासाला त्याला मागे बसवायची आणि प्रश्न विचारायची नाही. कोणी म्हणू नये म्हणून. दादा थोडक्यात राहिला, आणि त्या वर्षी तिच्या वर्गातली दोन मुलं शिष्यवृत्तीत आली. दादाने ते मनातून काढायला बरीच वर्षं लावली. आता काढलंय, असं तो म्हणतो. संध्याकाळी ती थकलेली असायची. चूल पेटवून पोळ्या लाटताना ती आमच्याशी बोलत नसे, आणि आम्हीही तिला छेडायचो नाही. गोष्टी सांगणारी, मांडीवर घेणारी आई आम्हाला वडिलांच्या रूपात मिळाली. कंडक्टर माणूस, सुट्टीच्या दिवशी घरी असला की अख्ख्या लाईनचे किस्से सांगायचा आणि भात उत्तम करायचा.

ती मारायचीही. हे सांगितलंच पाहिजे, कारण तुमच्यातले काही जण हसताहेत, त्यांना लाकडी पट्टी आठवली. बोटांच्या पेरांवर. त्या काळी सगळेच मारायचे, कायद्याने बंदी आली ती शिक्षण हक्क कायद्याबरोबर, १ एप्रिल २०१० पासून. पण आईने त्याच्या खूप आधी पट्टी ठेवून दिली. एक मुलगा होता, हुशार, पण तोंडाने जरा तिखट. तिने एकदा सगळ्यांसमोर मारलं आणि तो दुसऱ्या दिवशी आला नाही. ती त्याच्या घरी गेली. तो मागच्या दाराने रानात निघून गेला. पुन्हा गेली, पुन्हा तेच. तो शाळेत परत आलाच नाही. कुणाला वाटेल, पुढं तो भेटला असेल, पाया पडला असेल. नाही भेटला. तिच्या वहीत त्याचं नाव शेवटपर्यंत होतं.

त्या वह्यांबद्दल सांगून थांबते. दरवर्षी एक दोनशे पानी वही. प्रत्येक पोराला एक पान. त्यात मार्क नाहीत. 'ड आणि ङ गोंधळतो.' 'डावखुरा, पाटी उजवीकडे द्यावी.' 'फळा दिसत नाही असे वाटते, पुढे बसविले, वडिलांना सांगितले.' 'वाचते पण मोठ्याने नाही.' 'वजाबाकीत हातचा परत देत नाही.' ज्यांची पानं कोरी राहिली ती हुशार मुलं. ज्यांची भरलीत, मागच्या पानावर गेलीत, तिथं तिचा वेळ गेलाय. तुमच्यातले जे आज डॉक्टर, तहसीलदार झालेत त्यांची पानं मी मुद्दाम पाहिली. बरीचशी कोरी आहेत. माफ करा, पण तुमच्यावर तिने फार मेहनत घेतलेली नाही.

गावाने तिच्या नावाने बक्षीस ठेवायचं ठरवलंय, दहावीत पहिल्या येणाऱ्याला. आम्हा भावंडांचं म्हणणं आम्ही समितीला लेखी दिलंय, इथंही सांगते. रक्कम आम्ही घालतो, पण ते बक्षीस पहिल्या नंबराला नको. आपल्या तालुक्यातल्या ज्या पहिली-दुसरीच्या बाईंनी किंवा गुरुजींनी वर्षाअखेर सगळा वर्ग वाचता केला असेल, मागे राहिलेल्या शेवटच्या पोरासकट, त्यांना ते द्यावं. रोख द्यावं. सोबत शाल-श्रीफळ नको. निवड करताना मुलांच्या हाती पुस्तक देऊन वाचून घ्यावं, अहवालावर जाऊ नये. आणि निवडसमितीत निदान एक माणूस असा असावा ज्याने पहिलीला शिकवलंय. वह्या आम्ही शाळेला देतोय. ज्यांना आपलं पान पाहायचंय त्यांनी कार्यक्रम संपल्यावर ऑफिसात यावं, दादाने त्या सालवार लावून ठेवल्यात. दुसऱ्याचं पान वाचू नये, ही विनंती.